जुन्या पिकअपचं ॲव्हरेज : पंपाला हात लावण्याआधी

दहा-बारा वर्षं चाललेली बोलेरो पिकअप किंवा टाटा 207 डिझेल जास्त खायला लागली, की पहिला सल्ला मिळतो तो नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) काढा, डिझेलचा पंप उघडा असा. हे काम महाग आहे आणि बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरू होतं. जुन्या गाडीत डिझेल वाया जाण्याची नेहमीची कारणं वेगळीच असतात : धरलेला ब्रेक, कमी हवा, काढून टाकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा म्हणजे इंजिनात जोराने हवा ढकलणाऱ्या पंख्याचा फाटलेला पाइप. ही कारणं शोधायला जॅक, हवेचा गेज आणि अर्धा दिवस पुरतो. पंप-नोझल हे शेवटचं काम.

आधी मोजमाप. डॅशबोर्डचा काटा किंवा "हजाराचं टाकलं, इतकं पळाली" हा हिशेब उपयोगाचा नाही. एकाच पेट्रोल पंपावर, सपाट जागी गाडी उभी करून टाकी फुल करा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नळी पूर्ण दाबून भरलं तर कट लवकर बसतो, म्हणजे नळी आपोआप बंद होते. हळू भरायला सांगा आणि पहिल्या कटला थांबा. किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तिथेच, तसंच फुल करा. 412 किलोमीटर झाले आणि 34.5 लिटर बसलं, तर ॲव्हरेज 11.9. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची सरासरी घ्या. वहीत किती फेऱ्या भरलेल्या होत्या, किती रिकाम्या आणि घाट होता का, तेही लिहा. नाहीतर कांद्याच्या हंगामातलं ॲव्हरेज आणि रिकाम्या महिन्यातलं ॲव्हरेज यांची तुलना होते आणि नसलेला बिघाड दिसायला लागतो.

एक गोष्ट इथेच तपासा. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील, तर मीटर कमी किलोमीटर दाखवतो. टायरचा व्यास 3 टक्के मोठा असेल, तर 100 किलोमीटरला मीटर साधारण 97 दाखवेल. मोबाइलच्या जीपीएसवर लांबचा सरळ पट्टा मोजून फरक काढा.

मोजमाप कशासाठी, तर महिन्याला 3000 किलोमीटर चालणारी गाडी 10 ऐवजी 12 द्यायला लागली, तर 300 लिटरच्या जागी 250 लिटर लागतं. डिझेल 90 रुपये धरलं तरी महिन्याला साडेचार हजार वाचतात.

गाडी मोकळी पळते का?

सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी 30 ला गाडी न्यूट्रल करा आणि ब्रेक न लावता किती अंतर जाते ते पाहा. हीच चाचणी, हाच रस्ता, दुरुस्तीनंतर पुन्हा. गाडी लवकर थांबत असेल, तर चाकं कुठेतरी अडकताहेत.

कोणतं चाक अडकतंय ते उष्णतेवरून कळतं. ब्रेक फारसा न वापरता आठ-दहा किलोमीटर चालवा आणि थांबल्यावर चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या. टेकवू नका, भाजेल. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथेच डिझेल जातंय. मग ते चाक जॅकवर उचला, उरलेल्या चाकांना पुढे-मागे दगड किंवा ठोकळा लावा आणि हाताने फिरवा. पुढच्या डिस्कला पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण चाक ओढून धरलेलं नको. पुढे बहुतेक वेळा कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकलेल्या असतात किंवा पिस्टन मागे जात नाही. पिना काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. मागे ड्रममध्ये लायनर जास्त घट्ट ॲडजस्ट केलेले असतात, किंवा हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते. सर्व्हिसिंगला "ब्रेक टाइट करा" असं सांगितल्यावर हमखास होणारा हा प्रकार आहे. चाक फिरवताना घरघर ऐकू आली किंवा वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवला, तर बेअरिंग पाहावं लागेल. हबचा नट फार आवळला तरीही चाक जड फिरतं.

हवा थंड टायरला भरा, म्हणजे सकाळी, दोन-तीन किलोमीटरच्या आत. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. पुढच्या आणि मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, आणि लोड असताना मागचा बराच जास्त लागतो. चारही टायरना एकच आकडा सांगणं ही सर्रास होणारी चूक आहे. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. स्वतःचा गेज घ्या, हवावाल्याच्या मीटरमध्ये चार-पाच पौंडांचा फरक सहज असतो. पुढच्या टायरची एक कड करवतीसारखी घासली असेल, तर अलाइनमेंट बिघडलं आहे. ते करण्याआधी टाय-रॉडचे बॉल जॉइंट बदलायचे की नाही ते ठरवा, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे दुसऱ्यांदा जातील.

इंजिन थंड चालतंय का?

याकडे कुणी बघत नाही, म्हणून थोडं सविस्तर. बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये घालून नळ्या चोंदतात, गाडी तापायला लागते आणि मग उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. काटा खाली येतो, सगळ्यांना बरं वाटतं. पण इंजिन आता कायम थंड राहतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, तेल जाड राहतं आणि सिलिंडरची झीजही वाढते. आठ-दहा किलोमीटर गेल्यावरही काटा मधल्या भागाजवळ आला नाही, किंवा उतारावर झरकन खाली पडत असेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकला आहे असं समजा.

तपासायला सोपं आहे. थर्मोस्टॅट काढून भांड्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, सोबत थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. उघडण्याचं तापमान त्याच्यावर कोरलेलं असतं, बहुधा 80 अंशांच्या पुढे. गार पाण्यात तो पूर्ण बंद हवा आणि त्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. नवा बसवण्याआधी रेडिएटर साफ करून घ्या आणि कूलंट पुस्तकात दिलेल्या प्रमाणात भरा. रेडिएटर तसाच ठेवून नुसता थर्मोस्टॅट बसवला, तर गाडी पुन्हा तापेल आणि तो पुन्हा काढला जाईल.

पंख्याला व्हिस्कस कपलिंग (गरजेप्रमाणे पंखा जोडणारा-सोडणारा भाग) असेल, तर इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. थंड असताना हलक्या विरोधाने फिरला पाहिजे. अजिबात सुटा होत नसेल तर कपलिंग जाम आहे. असा पंखा गरज नसतानाही पूर्ण जोराने फिरतो आणि इंजिनची ताकद खातो. वेग वाढताना कायम येणारी भणभण हीच त्याची खूण.

श्वास आणि धूर

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात हवा कमी पडली तरी पंप डिझेल तेवढंच देतो. म्हणून चोंदलेला एअर फिल्टर थेट काळ्या धुरात दिसतो. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, कॉम्प्युटरने डिझेल देणाऱ्या) गाडीत त्याचा फटका ॲव्हरेजपेक्षा पिकअपला, म्हणजे वेग पकडण्याला, जास्त बसतो, आणि मग ड्रायव्हर ॲक्सिलरेटर जास्त दाबतो. फिल्टरच्या आत दिवा धरून अंधारात पाहा. प्रकाश येत नाही तिथे तो चोंदला आहे आणि टाचणीएवढा ठिपका चमकला तर कागद फाटला आहे, बदलून टाका. हवा मारायची तर कमी दाबाने आणि आतून बाहेर. वीटभट्टी, खडी क्रशर, कच्चे रस्ते अशा कामाच्या गाडीला पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच फिल्टर पाहावा.

टर्बोच्या गाडीत इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे) रबरी पाइप हाताने दाबून, खालच्या बाजूनेही पाहा. चिरलेला पाइप ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घालवतो. तेलाचा ओलसर डाग आणि लोड घेताना सूं असा आवाज ही खूण. त्याच जोडीला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला आहे का तेही पाहा.

क्लचसाठी : टॉपच्या गिअरमध्ये, चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे प्लेट घसरते आहे. आधी पेडलची फ्री प्ले (दाबताना सुरुवातीचा मोकळा खेळ) बघा, कधी कधी काम तिथेच भागतं.

चालवण्याची पद्धत

ताशी 60 वरून 80 वर गेलं, की हवेचा अडथळा सुमारे पावणेदोन पट होतो. पिकअपचा आकार चौकोनी, वर कॅरेट रचलेले आणि ताडपत्री फडफडत असेल तर आणखीच. माल शक्यतो केबिनच्या उंचीत बसवा, ताडपत्री ताणून बांधा, रिकामी फेरी असेल तर वरचा सांगाडा उतरवा. 45 ते 55 च्या दरम्यान टॉप गिअरमध्ये गाडी सर्वांत कमी पिते.

घाट न्यूट्रलमध्ये उतरू नका. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, म्हणजे बचतीऐवजी खर्च. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होतात. खंबाटकी असो की कसारा, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन बंद करून उतरणं तर जिवावर बेतणारं आहे, कारण ब्रेक दाबायला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो.

चढाला इंजिन कुंथेपर्यंत वरच्या गिअरमध्ये ओढू नका. ॲक्सिलरेटर तळाला टेकला, वेग वाढत नाही आणि काळा धूर येतोय, तर एक गिअर खाली घ्या. बाजार समितीत रांगेत उभं असताना इंजिन बंद ठेवा.

डिझेलच्या पाइपवर लावायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या गोळ्या घेऊ नका. केरोसीन मिसळणं तर पंपाला मारणं आहे, त्यात वंगण नसतं.

आता पंप आणि नोझल

इतकं होऊनही काळा धूर जात नसेल, तर मग इथे या. त्याआधी डिझेल फिल्टरचं पाणी काढा, रिटर्न पाइपच्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) तांब्याच्या वॉशरपाशी ओल आहे का पाहा आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुस्तकातल्या मापाने सेट करून घ्या. मेकॅनिकल पंपात पिकअप वाढवायला कुणीतरी डिझेलचा स्क्रू फिरवलेला असतो. पंपाचं सील तुटलेलं दिसलं तर शंका घ्या. तो अंदाजाने मागे फिरवू नका. पंप टेस्ट बेंचवर लावून कंपनीच्या मापाला आणायला सांगा. नोझलही बेंचवर तपासा : ठरलेल्या दाबाला उघडतो का, फवारा बारीक आहे का, थेंब गळतो का. कॉमन रेलमध्ये चारही इंजेक्टरचं रिटर्न बाटल्यांत मोजतात, एकाचं इतरांपेक्षा बरंच जास्त भरलं तर तोच बदलायचा. चालू इंजिनाचा रेलचा पाइप कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेल कातडीच्या आत घुसतं.

निळा धूर असेल आणि तेल भरण्याचं झाकण उघडल्यावर जोराने वाफ येत असेल, तर नवे नोझल घालून पैसे वाया जातील. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा दाबली गेल्यावर येणारा दाब) मोजून घ्या, मगच पुढचा खर्च ठरवा.