अवे तिकिटांची लॉयल्टी पॉइंट पद्धत न्याय्य आहे का, हे कसे तपासावे

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग या फुटबॉलच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतल्या सामन्यासाठी यजमान क्लबने पाहुण्या क्लबच्या समर्थकांना 3,000 तिकिटे (यांनाच अवे तिकिटे म्हणतात) उपलब्ध करून द्यायची असतात आणि मैदानाची क्षमता 30,000 पेक्षा कमी असेल, तर क्षमतेच्या दहा टक्के. मोठ्या क्लबांचे सीझन तिकीटधारकच (हंगामातल्या घरच्या सामन्यांचे तिकीट एकदम घेणारे) तीस-चाळीस हजारांच्या घरात असतात, त्यामुळे मागणी आणि पुरवठा यांची तोंडमिळवणी कधीच होत नाही. 2016-17 च्या हंगामापासून अवे तिकिटाची किंमत 30 पौंडांच्या वर नेता येत नाही, ही समर्थकांनी लढून मिळवलेली अतिशय चांगली गोष्ट आहे. मात्र किंमत बांधलेली असल्यामुळे तिकीट कोणाला मिळणार हे रांग ठरवते आणि त्या रांगेतली जागा बहुतेक क्लबांत लॉयल्टी पॉइंटांवर, म्हणजे आधी पाहिलेल्या सामन्यांबद्दल खात्यावर जमणाऱ्या गुणांवर ठरते; जास्त गुण असलेल्यांना आधी तिकीट मिळते. ही रांग न्याय्य आहे की नाही, हे भावनेवर न सोडता आकड्यांनी आणि नियमांच्या वाचनाने तपासता येते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, आपल्या क्लबच्या समर्थक मंडळात असलेल्या किंवा जाऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी मी ती रीत येथे मांडतो आहे.

सुरुवात आकड्यांपासून करावी. क्लबला एकूण किती तिकिटे मिळाली हा आकडा सहज कळतो, पण रांगेतल्या माणसांपर्यंत त्यातली किती पोहोचली हा खरा प्रश्न असतो. खेळाडूंचे कुटुंबीय, कर्मचारी आणि प्रायोजक यांच्यासाठी काही तिकिटे आधीच बाजूला पडतात. काही क्लबांत हंगामातल्या प्रत्येक अवे सामन्याचे तिकीट आपोआप खात्यावर येणारी योजना असते आणि ती संख्याही वजा करावी लागते. ही वजाबाकी क्लबकडे लेखी मागावी. सोबत स्पर्धांतला फरकही नोंदवावा, कारण एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पाहुण्या क्लबला क्षमतेच्या 15 टक्क्यांपर्यंत तिकिटे मागता येतात, तर युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाच्या स्पर्धांमध्ये हा वाटा 5 टक्के असतो. साठ हजारांच्या मैदानावर एफए कपचा सामना असेल, तर नऊ हजारांपर्यंत तिकिटे येऊ शकतात. वर्षानुवर्षे रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्या माणसासाठी दार उघडण्याचा तोच दिवस असतो. म्हणून त्या सामन्याचे गुण दिले जातात का, आणि दिले तर लीगच्या सामन्याइतकेच दिले जातात का, हे नियमावलीत आवर्जून पाहावे.

पुढचे काम अधिक महत्त्वाचे आहे, पण बहुतेक जण ते करत नाहीत. किती खात्यांवर किती गुण आहेत, याचे वाटप क्लबकडून मागवावे. नावे नकोत, केवळ संख्या हवी. समजा, मागच्या हंगामातले सर्व 19 अवे सामने ज्यांच्या नावावर नोंदले गेले आहेत अशी 1,400 खाती तुमच्या क्लबमध्ये आहेत. बोर्नमथच्या मैदानाची क्षमता 2025 पर्यंत अकरा हजार तीनशेच्या आसपास होती, म्हणजे तिथे पाहुण्यांच्या वाट्याला दहा टक्क्यांच्या हिशेबाने तेव्हा साधारण 1,130 तिकिटे येत. सर्वच्या सर्व सामने पाहिलेल्या 1,400 जणांनाही ती पुरली नसती, तेव्हा पंधरा सामने पाहिलेल्या समर्थकाचा प्रश्नच उद्भवला नसता. आता दुसऱ्या बाजूने पाहा. पंधरा सामने पाहिलेला तो समर्थक बोर्नमथ, ब्रेंटफर्ड यांसारख्या लहान मैदानांवर जाऊ शकला नाही, म्हणूनच त्याचे गुण कमी राहिले, आणि गुण कमी राहिले म्हणून पुढच्या वर्षीही तो तिथे जाऊ शकणार नाही. तिकिटासाठी गुण हवेत आणि गुणांसाठी तिकीट हवे, अशी ही गाठ आहे. एखादी पद्धत न्याय्य आहे की नाही याची माझी पहिली कसोटी हीच आहे की ही गाठ कुठे तरी सोडवलेली आहे का.

ही कसोटी लावण्याची सोपी युक्ती अशी. अठरा वर्षांची एक मुलगी आज क्लबचे सदस्यत्व घेते, तिच्या खात्यावर शून्य गुण आहेत आणि मिळेल त्या प्रत्येक सामन्याला जाण्याची तिची तयारी आहे, असे धरावे. मागच्या हंगामात प्रत्येक अवे सामन्याची विक्री किती गुणांवर थांबली याची यादी घ्यावी आणि ती मुलगी पहिल्या हंगामात किती सामने पाहू शकेल, त्यातून तिचे किती गुण होतील आणि दुसऱ्या हंगामात ती कुठवर जाईल, हे कागदावर मांडत जावे. पाच हंगामांचे गणित करूनही ती लहान मैदानांच्या जवळ पोहोचत नसेल, तर ती पद्धत निष्ठेचे मोजमाप करत नाही. ती केवळ जन्मसाल मोजते.

यातूनच गुण किती काळ टिकावेत हा सर्वांत वादग्रस्त मुद्दा येतो. काही क्लबांत गुण आयुष्यभर साठत जातात, काहींत गेल्या दोन-तीन हंगामांचेच गुण धरले जातात. जुन्या समर्थकांची बाजू मी हलकी मानत नाही. मँचेस्टर सिटी 1998-99 मध्ये तिसऱ्या पातळीवर खेळत होती आणि त्या डिसेंबरात यॉर्कला जाऊन हरलीही. तेव्हा भर थंडीत यॉर्कच्या स्टँडमध्ये उभा राहिलेला माणूस आणि विजेतेपदे मिळू लागल्यानंतर आलेला माणूस यांच्यात काहीच फरक करू नये, असे म्हणणे मला पटत नाही. तरीही आयुष्यभराचे गुण अमर्याद साठू दिले, तर नवा समर्थक कितीही धावला तरी ते अंतर कधीच मिटणार नाही. माझ्या मते चालू रांग मागच्या तीन हंगामांच्या हजेरीवर लावावी आणि जुन्या निष्ठेला एक ठरावीक, न वाढणारा बोनस द्यावा. उदाहरणार्थ, वीस वर्षांच्या अखंड सदस्यत्वाबद्दल तीन-चार सामन्यांइतके गुण. त्यामुळे जुन्या माणसाचा मान राहतो आणि एखाद्या वर्षी त्याची तब्येत बिघडली तरी तो एकदम तळाशी जात नाही.

गुण कशाबद्दल मिळतात, हे वाचताना हजेरी आणि खर्च यांची गल्लत झाली आहे का, ते पाहावे. अवे सामन्याला गेल्याबद्दल गुण मिळणे योग्यच आहे. हॉस्पिटॅलिटीचे (खानपानासह खास आसनांचे) महागडे पॅकेज घेतल्याबद्दल अवे रांगेत पुढची जागा मिळत असेल, तर 30 पौंडांची मर्यादा मागच्या दाराने मोडल्यासारखेच होते आणि त्या नियमाला ठाम विरोध करावा. अंतरानुसार जास्त गुण द्यावेत का, हा प्रश्न मात्र वाटतो तेवढा सोपा नाही. न्यूकॅसलहून बोर्नमथ सुमारे 350 मैल आहे, तर आर्सेनल आणि टॉटनहॅम यांच्या मैदानांत चारेक मैलांचेच अंतर आहे. बुधवारी रात्री त्या 350 मैलांच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला दोन दिवसांची रजा लागते, म्हणून आठवड्याच्या मधल्या सामन्याला थोडे अधिक गुण असावेत, हे मला मान्य आहे. अंतराचा हिशेब मात्र क्लबच्या शहरापासून केला जातो आणि समर्थक सगळे त्या शहरात राहत नाहीत. लंडनमध्ये किंवा स्लाउमध्ये राहून लिव्हरपूलवर प्रेम करणारी मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी घरचा सामना दूरचा आणि लंडनमधला अवे सामना जवळचा असतो. म्हणून अंतराऐवजी वार आणि वेळ यांवर गुण देणे मला अधिक सरळ वाटते.

यानंतर खात्यावरचे गुण आणि प्रत्यक्ष हजेरी यांचा मेळ बसतो का, हे पाहावे लागते. गुण टिकवण्यासाठी तिकीट घ्यायचे आणि दुसऱ्याला द्यायचे, हा प्रकार सर्रास चालतो आणि त्यामुळे रांगेच्या डोक्यावर न येणाऱ्यांची नावे वर्षानुवर्षे राहतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलची तिकिटे विकणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण मित्राला मूळ किमतीत दिलेले तिकीट आणि काळाबाजार यांना एकाच तराजूत तोलल्याने काही साधत नाही. क्लबने तिकीट परत करण्याची किंवा नोंदणीकृत मित्राच्या नावावर वळवण्याची अधिकृत सोय द्यावी आणि गुण मैदानात गेलेल्याच्या खात्यावर जावा. दारावर ओळखपत्रांची अचानक तपासणी करायची असेल, तर कोणाची करायची हे सामन्याच्या आधी सोडतीने ठरावे. दारावरच्या माणसाच्या नजरेवर ते सोडू नये. येथे आपल्या लोकांनी एक काळजी घ्यावी. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते आणि क्लबच्या खात्यावर नसते, किंवा लग्नानंतर एकीकडे नाव बदललेले असते आणि दुसरीकडे जुनेच राहते. ओळखपत्रावर आहे तसेच नाव खात्यावर आधीच करून घ्यावे.

खंड पडला तर काय होते, हे कलम नियमावलीत शोधावे आणि नसेल तर ते घालायला लावावे. आमची मुलगी जन्मली त्या हंगामात माझी पत्नी एकाही अवे सामन्याला जाऊ शकली नाही आणि आमच्या क्लबच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिचे सहा वर्षांचे गुण निम्म्यावर आले. आजारपण, बाळंतपण, घरच्या वृद्धांची शुश्रूषा यांसाठी अर्ज केल्यावर एका हंगामापुरते गुण गोठवून ठेवता आले पाहिजेत. रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्यांचे काही सामने नेहमीच बुडतात, म्हणून हंगामातले सर्वांत चांगले बारा-तेरा सामनेच धरावेत, ही सूचनाही विचारात घेण्यासारखी आहे. व्हीलचेअरच्या जागा मोजक्याच असल्यामुळे त्यांची रांग वेगळी असावी, हे सांगायलाच नको.

आता उपाय. ती गाठ सोडवण्यासाठी माझ्या पाहण्यात सर्वांत साधा मार्ग म्हणजे प्रत्येक सामन्यातला एक लहान वाटा सोडतीसाठी राखून ठेवणे. 3,000 तिकिटांपैकी दहा टक्के, म्हणजे 300 तिकिटे, कमी गुणांच्या सदस्यांमध्ये सोडतीने द्यावीत आणि एकदा नाव निघालेल्याला त्या हंगामात पुन्हा संधी मिळू नये. अशी पूर्ण तिकिटे मिळणारी दहा मैदाने धरली, तरी एका हंगामात 3,000 नव्या माणसांच्या खात्यावर पहिला गुण पडतो आणि वरच्या रांगेतल्यांना प्रत्येक सामन्याला दहातली नऊ तिकिटे मिळतच राहतात. लहान मैदानांवर हा वाटा पाच टक्के ठेवला तरी चालेल, पण शून्य ठेवू नये. ज्येष्ठ समर्थक याला विरोध करतील. तेव्हा आकडे त्यांच्यासमोर ठेवून प्रत्यक्ष किती जणांचे तिकीट जाईल, हे दाखवावे. मी अशा दोन बैठकांना बसलो आहे आणि दोन्ही वेळा भीती आकड्यापेक्षा मोठी होती.

हे सर्व क्लबपुढे नेण्याची वाटही आता मोकळी झाली आहे. प्रीमियर लीगच्या नियमांनुसार प्रत्येक क्लबला समर्थकांचे सल्लागार मंडळ ठेवावे लागते, आणि जुलै 2025 मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉलविषयक कायद्याने समर्थकांशी सल्लामसलत करणे क्लबांवर बंधनकारक केले आहे. क्लब ऐकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना 6 फेब्रुवारी 2016 ची आठवण द्यावी. 77 पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ त्या दिवशी लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर सामन्याच्या 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून गेले, काही दिवसांत क्लबने निर्णय मागे घेतला आणि पुढच्याच महिन्यात 30 पौंडांची मर्यादा जाहीर झाली. आपल्याला एवढे करावे लागणार नाही. मागणीपत्र एका पानाचे असावे, त्यात मागितलेले आकडे आणि नेमकी सुचवलेली कलमे असावीत, आणि आधी कमावलेले गुण एका फटक्यात रद्द न करता दोन हंगामांत टप्प्याटप्प्याने बदल करावा, असे त्यात स्पष्ट लिहावे. पुढच्या हंगामाची सीझन तिकिटे वसंत ऋतूत विक्रीला येतात, म्हणून हे पत्र जानेवारीतच जायला हवे.

तोपर्यंत एक वही ठेवावी. प्रत्येक अवे सामन्यापुढे आलेली तिकिटे, विक्री सुरू झाली तेव्हाचे गुण, विक्री संपली तेव्हाचे गुण आणि सामन्याचा वार एवढे चारच रकाने पुरेत. क्लबने वाटपाचे आकडे द्यायला नकार दिला, तरी एका हंगामाच्या या नोंदींवरून त्या अठरा वर्षांच्या मुलीचे गणित पुरे मांडता येते.