परागकणांचा अंदाज बांधताय? आधी पावसाची तारीख तपासा

हवामानाच्या आकड्यांवरून परागकणांचा हंगाम सांगायला निघालेले बहुतेक जण पहिल्याच दिवशी मॉडेल चालवतात. आकडा किती वाजता मोजला, हे विचारलं की गप्प.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक पावसाच्या तारखेची. हवामान विभागाचा रोजचा पाऊस म्हणजे त्या तारखेला सकाळी साडेआठला संपणारे चोवीस तास. म्हणजे 12 ऑक्टोबरच्या रकान्यातला पाऊस बराचसा 11 तारखेचा. परतीचा पाऊस आपल्याकडे दुपारनंतर गडगडाट करत येतो, त्यामुळे तो जवळजवळ सगळाच दुसऱ्या दिवसाच्या नावावर चढतो. आणि गवताच्या फुलोऱ्याचे दिवस नेमके हेच.

एका तरुण संशोधकानं मला मोठ्या हौसेनं आलेख दाखवला होता: पाऊस पडायच्या आदल्या दिवशीच गवताचे परागकण घटतात! त्यावर सिद्धांतही तयार होता. पावसाची चाहूल गवताला आर्द्रतेवरून लागते आणि ते पराग राखून ठेवतं. दमट हवेत परागकोश नीट उघडत नाहीत हे खरंच आहे, त्यामुळे ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या होत्या, पोस्टरही छापून झालं होतं. मी पावसाचा रकाना एक दिवस मागे सरकवला. गवताची भविष्यवाणी तिथेच संपली. पाऊस पडला, हवा धुतली गेली, कण कमी झाले, एवढीच गोष्ट होती.

सापळ्याकडूनही असाच घोळ होतो. हवा ओढून कण टिपणाऱ्या बर्कार्ड सापळ्यातली चिकट टेप तासाला 2 मिमी सरकते, दिवसाला 48 मिमी. टेप सकाळी नऊला लावली आणि तिथूनच तुकडे पाडले, तर तुमचा दिवस नऊ ते नऊ. वर एरा-5 सारखा, जगभरच्या हवामानाचा संगणकानं तयार केलेला तासावारी डेटा जागतिक वेळेत येतो, त्यात साडेपाच तासांचा फरक. मी कुठलीही फाइल उघडण्याआधी पाऊस, तापमान आणि टेप यांचा दिवस कधी सुरू होतो ते वहीत लिहितो. हातानं.

दुसरी खोड म्हणजे युरोपातलं सूत्र उचलणं. तिकडे बर्च या झाडाला आधी पुरेशी थंडी लागते, मग ठरावीक तापमानावरच्या अंशांची रोज बेरीज करत गेलं की फुलोऱ्याचा दिवस सापडतो. हेच 1 जानेवारीपासून, 5 अंशांच्या वरचं तेवढं मोजायचं असं धरून, पुण्याला लावणारे भेटतात. पुण्यात कडाक्याच्या थंडीतही दिवसाची सरासरी त्याच्या वरच असते. बेरीज रोज वाढते, म्हणजे तुम्ही फक्त कॅलेंडर मोजताय. इथलं गवत पावसाच्या हिशेबानं चालतं. गाजरगवत पाऊस पडल्यावर उगवतं आणि महिन्या-दीड महिन्यात फुलायला लागतं, तेव्हा आजच्या परागाचं उत्तर आजच्या नाही, मागच्या कित्येक आठवड्यांच्या ओलाव्यात शोधा. वावळ हे झाड मात्र पानं झडल्यावर, हिवाळ्याच्या शेवटी फुलतं. या सगळ्यांची बेरीज करून ‘एकूण पराग’ असा एकच आकडा मॉडेलला देणाऱ्यांनी एकदा रस्त्यावर फिरून झाडं बघावीत. मला तरी तोच उपाय लागू पडतो.

दिवस पत्त्यांसारखे पिसून ऐंशी टक्के मॉडेलच्या शिकवणीला, वीस टक्के परीक्षेला अशी वाटणी करू नका. 14 तारीख शिकवणीत आणि 15 परीक्षेत असेल, तर मॉडेल शेजाऱ्याची वही बघूनच पास होणार. अख्खं वर्ष बाजूला ठेवा. हाताशी दोन-तीनच वर्षं असतील तर मॉडेलचा सोस सोडा, कुठले पराग कुठल्या महिन्यात, हे सांगणारं परागकणांचं कॅलेंडर छापा.

वर्षाच्या एकूण परागाच्या अडीच टक्क्यांना हंगाम सुरू झाला असं धरतात. ते ‘एकूण’ हंगाम संपल्यावरच कळतं. अंदाजात ही व्याख्या वापरणारे निकाल आधी बघून पेपर लिहितात.

वीज गेली आणि सापळा बंद पडला, तर त्या दिवशी शून्य लिहू नका. रिकामं ठेवा.

आणि वादळ आलं की हवा स्वच्छ, हे गृहीत धरू नका. 21 नोव्हेंबर 2016 ला मेलबर्नमध्ये गडगडाटी वादळानंतर हजारो लोक दम्यानं रुग्णालयात पोचले, दहा जण दगावले. राय गवताचे कण ओलाव्यानं फुटून त्यांचे बारीक तुकडे थेट फुप्फुसात गेले, असं मानलं जातं. पावसाचा फक्त दिवसाचा आकडा घेतलात तर असा दिवस तुमच्या तक्त्यात साधा पावसाळी दिसेल. म्हणून वाऱ्याचे झोत आणि आर्द्रता तासातासाची घ्या.