स्टॉर्मवॉटर पर्मिट: साइटवर आणि फायलीत होणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेत रस्त्याकडेच्या जाळीतून खाली गेलेलं पावसाचं पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातं, असा समज तिथं बरीच वर्षं काम केलेल्या इंजिनियरांचाही असतो. काही जुन्या शहरांत मैला आणि पाऊस एकाच नळातून वाहतात, तिथं ते खरंही आहे. पण बहुतेक ठिकाणी पावसाळी गटार वेगळं असतं आणि थेट ओढ्यात, नदीत किंवा खाडीत उघडतं. यार्डात सांडलेलं डिझेल, टायरची पूड, सिमेंटचं दुधाळ पाणी सगळं तिकडेच जातं. हे एकदा डोक्यात बसलं की स्टॉर्मवॉटर पर्मिटमधली, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडण्याच्या परवान्यातली, निम्मी कलमं आपोआप समजतात.

१९७२च्या क्लीन वॉटर अॅक्टमुळे एनपीडीईएस पर्मिट, म्हणजे नदी-ओढ्यांत दूषित पाणी सोडण्यासाठी लागणारा परवाना, आलं. १९८७च्या दुरुस्तीने पावसाच्या पाण्याला स्वतंत्र कलम मिळालं. १९९०च्या पहिल्या टप्प्यात ठरावीक उद्योग, एक लाख किंवा जास्त वस्तीच्या भागातली पावसाळी गटारं आणि ५ एकरांपासूनची बांधकामं आली. १९९९च्या दुसऱ्या टप्प्यात शहरी पट्ट्यातली लहान गावं आणि १ एकरापासूनची बांधकामं त्यात आली.

‘आमचा प्लॉट एकराच्या आत आहे’

ही पळवाट बहुतेक वेळा टिकत नाही. अर्ध्या एकराचं घर मोठ्या वसाहतीच्या आराखड्याचा भाग असेल, तर मोजायचा असतो तो अख्खा आराखडा. असा प्लॉट विकत घेणाऱ्या छोट्या बिल्डरला हे बऱ्याचदा नोटीस आल्यावर कळतं.

दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या प्रोजेक्टची फाइल उचलून नाव बदलणं. बहुतेक राज्यं आपलं पर्मिट स्वतः देतात. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, न्यू मेक्सिको अशा मोजक्या ठिकाणी ते थेट ईपीएकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेकडून येतं. मुदती, सॅम्पलिंग, फॉर्म सगळ्यांत फरक असतो. पुढे दिलेले आकडे ईपीएच्या २०२१च्या औद्योगिक आणि २०२२च्या बांधकाम पर्मिटचे आहेत. तुमच्या राज्याचं पर्मिट काढून ताडून पाहाच.

‘सगळं छपराखाली आहे’

पावसाला काहीच उघडं नसेल तर कारखान्याला ‘नो एक्स्पोजर’ सर्टिफिकेट देऊन पर्मिटमधून सूट मिळते. सही करण्याआधी एकदा इमारतीभोवती चक्कर मारा. झाकण न लावलेला भंगाराचा डंपस्टर (मोठी कचरापेटी), गळका फोर्कलिफ्ट, धूळ फेकणाऱ्या व्हेंटखालचं काळपट छप्पर, यातलं एकही दिसलं तर ते सर्टिफिकेट खोटं ठरतं. शिवाय ते दर ५ वर्षांनी नव्याने द्यावं लागतं, हे विसरणारेही कमी नाहीत.

सिल्ट फेन्स नुसती उभी केली

बांधकामावर मला सर्वांत जास्त खटकते ती ही गोष्ट. गाळ अडवणाऱ्या या कुंपणाचं काळं कापड खुंट्यांवर ताणलेलं लांबून व्यवस्थित दिसतं. जवळ जाऊन खाली वाका. कापडाचा खालचा काठ चरात पुरून माती दाबलेली नसेल, तर पाणी खालून निसटतं आणि कुंपण फक्त शोभेचं उरतं. कुंपण उताराला आडवं, समपातळीवर धावलं पाहिजे. उताराच्या दिशेने लावलं तर पाणी त्याच्याच कडेने वेग घेतं आणि टोकाला घळ पाडतं. दोन्ही टोकं चढाच्या बाजूला वळवा. ओघळीत किंवा ओढ्याच्या पात्रात सिल्ट फेन्स कधीच लावू नका, पहिल्याच जोरदार पावसात ती आडवी होते. मागे साचलेला गाळ कापडाच्या निम्म्या उंचीला पोचण्याआधी काढायचा असतो.

इन्स्पेक्शनचं गणितही इथेच चुकतं. दर ७ दिवसांनी पाहणी करायची, किंवा दर १४ दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पावसानंतर २४ तासांच्या आत, असे दोन पर्याय आहेत. अनेक जण काम कमी म्हणून दुसरा निवडतात आणि मग पर्जन्यमापक बघायचं राहून जातं. नोंदच नसेल तर तो पाव इंच पाऊस कधी झाला हे सिद्ध कसं करणार? मनुष्यबळ कमी असेल तर पहिला पर्याय घ्या, असं मी सांगेन.

सॅम्पल सोयीच्या वेळी, सोयीच्या जागी

कोरड्या दिवसांत साचलेली घाण पहिल्या सरीबरोबर वाहून जाते. म्हणूनच पाणी आऊटफॉलमधून, म्हणजे साइटवरून बाहेर पडण्याच्या तोंडातून, वाहू लागल्यापासून पहिल्या ३० मिनिटांत सॅम्पल घ्यायचं, आणि आधीच्या मोजण्याजोग्या पावसानंतर किमान ७२ तास गेलेले असावेत, असा औद्योगिक पर्मिटचा नियम आहे. अर्धा तास हुकला तर जमेल तितक्या लवकर घ्या आणि उशिराचं कारण लिहून ठेवा. कारण न लिहिणं ही वेगळी चूक धरली जाते.

बाटली हातात घेतल्यावरच्या चुका तर लॅबलाही दुरुस्त करता येत नाहीत. धातूंच्या बाटलीत आधीच आम्ल घातलेलं असतं. ती विसळू नका, ओसंडून भरू नका. तोंड प्रवाहाकडे धरा आणि तळाचा गाळ खरवडू नका, नाहीतर टीएसएसचा, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या घन कणांचा, आकडा तुमच्या यार्डाचा नसून त्या खरवडीचा येईल. पीएच १५ मिनिटांच्या आत मोजायचा असतो, म्हणजे मीटर जागेवरच हवा. ज्या आऊटफॉलपाशी शेजारच्या प्लॉटचं पाणी येऊन मिसळतं, तिथून घेतलेलं सॅम्पल दोघांचंही धड नसतं.

दर तिमाहीचं डोळ्यांनी केलेलं परीक्षण लोक उरकून टाकतात. स्वच्छ पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन उजेडात धरा. रंग, वास, गढूळपणा, तरंगणारा कचरा, तळाला बसणारे कण, फेस, तेलाची इंद्रधनुषी साय, सगळं नीट पाहा. लॅबचा रिपोर्ट यायला दिवस जातात, ही बाटली मात्र लगेच सांगते.

आकडा जास्त आला, आता?

बेंचमार्क, म्हणजे पर्मिटमधला इशाऱ्याचा आकडा, ओलांडला म्हणजे पर्मिट मोडलं असं नाही. हा बेंचमार्क उदाहरणार्थ टीएसएससाठी १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएचसाठी ६ ते ९ असतो. आकडा पाहून काहीच न करणं हे मात्र उल्लंघन आहे. काही उद्योगांना बंधनकारक एफ्ल्युएंट लिमिटही, म्हणजे सोडलेल्या पाण्यासाठीच्या मर्यादाही, असतात. ती ओलांडणं हेच उल्लंघन, म्हणून दोन्ही तक्ते एकत्र करू नका.

टीएसएस वाढला की पाण्याचा मार्ग उलटा चढत जा. बहुधा उत्तर मिळतं ते मातीच्या वाटेवरून डांबरावर येणाऱ्या गाड्यांच्या चाकांपाशी किंवा गाळाने तुडुंब भरलेल्या जाळीखालच्या फिल्टरपाशी. जस्त वाढलं तर यंत्रांआधी वर बघा: गॅल्व्हनाइज्ड पत्रे, पन्हाळी, तारेचं कुंपण. त्यानंतर टायरची पूड. साधा ब्रश स्वीपर बारीक कण मागे सोडतो आणि धातू नेमके त्यांनाच चिकटलेले असतात. व्हॅक्यूम स्वीपर भाड्याने आणणं परवडतं. पीएच चढला असेल तर काँक्रीट वॉशआऊटचा, म्हणजे काँक्रीटच्या गाड्या आणि अवजारं धुण्याचा, खड्डा गळतोय का ते तपासा.

कारण सापडलं की स्विपमध्ये, म्हणजे तुमच्या प्रदूषण-प्रतिबंध आराखड्यात, त्याच आठवड्यात बदल लिहा. ड्रम शेड हलवली पण नकाशात ती जुन्या जागी, जबाबदार म्हणून नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव, हे प्रकार फार आढळतात. हे केवळ सरकारी इन्स्पेक्टरच पाहतो असं समजू नका. कायद्याने नागरिकांनाही ६० दिवसांची नोटीस देऊन खटला भरता येतो, आणि तुमचे मॉनिटरिंग रिपोर्ट त्यांना मिळतात.

काम संपलं, पर्मिट तसंच

नोटीस ऑफ टर्मिनेशन, म्हणजे पर्मिट संपवण्याचा फॉर्म, भरेपर्यंत जबाबदारी तुमचीच. ती भरण्याआधी उघड्या जमिनीवर त्या भागातल्या नैसर्गिक झाकणाच्या किमान ७० टक्के घनतेचं गवत-झाडोरा एकसारखा उगवलेला हवा. एका कोपऱ्यात दाट आणि दुसरीकडे टक्कल, हे चालत नाही. गवत धरल्यावर सिल्ट फेन्स आणि खुंट्या उपटून न्या, फोटो काढा आणि मगच फॉर्म पाठवा.