मॅग्नेटिक ड्रिल घेताना आपलाच लोखंडी तुकडा सोबत न्या

मॅग्नेटिक ड्रिल म्हणजे चुंबकाने लोखंडाला चिकटून भोक पाडणारी मशीन. कॅटलॉगात लिहिलेली तिच्या चुंबकाची पकड बहुतेक वेळा २५ मिमीच्या आसपास जाड, स्वच्छ प्लेटवर मोजलेली असते. आपल्याकडे रत्नागिरी-मालवणात गेट, शेडच्या कामाला लागतात ६-८ मिमीचे चॅनल. त्यावर तीच मशीन सरकते.

१. नेहमीच्या जाडीचा तुकडा दुकानात न्या, त्यावरच भोक पाडून बघा.
२. पकड कमी वाटली तर तुकड्याखाली, चुंबकाच्या बरोबर खाली, जाड प्लेट क्लॅम्प करून पुन्हा बघा. बऱ्याचदा महागडं मॉडेल घ्यावंच लागत नाही.
३. खाऱ्या हवेचा गंज आणि रंग आधी घासून काढा. कागदाएवढी फटही पकड खाते.

लाईट गेली की इलेक्ट्रोमॅग्नेट (विजेवर चालणारा चुंबक) सुटतो, आणि पावसाळ्यात ती जातेच. उभ्या किंवा उंचावरच्या कामात सेफ्टी चेन बांधल्याशिवाय बटण दाबू नका.