वाकळ शिवणाऱ्या आत्याचे चित्र कसे काढावे

आमच्या मराठवाड्यात आत्याला ‘तुझे चित्र काढतो’ म्हटले की ती हातातले काम टाकून, पदर सावरून, फोटोला बसावे तशी ताठ बसते, आणि चित्र तिथेच बिघडते. म्हणून परवानगी आदल्या दिवशी घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी ती वाकळ शिवायला बसली की तिच्या समोर नव्हे, बाजूला बसावे.

ही बैठक फ्रेंच दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार बेर्त मोरिसो (१८४१–१८९५) हिच्याकडून शिकावी. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातल्या तिच्या ‘पाळणा’ (१८७२) या चित्रात तिची बहीण एदमा निजलेल्या लेकीकडे पाहते आहे, आणि पाळण्याचा झिरझिरीत पडदा तिने बाळ व चित्र पाहणारे आपण यांच्यामध्ये ओढून धरला आहे. परक्याने किती पाहावे हे जणू ती आईच ठरवते.

उजेड मात्र आपल्या माळवदाच्या घरात आयता मिळतो: छताच्या झरोक्यातून किंवा दारातून एकाच बाजूने येणारा, पांढऱ्या मातीच्या भिंतीवरून मऊ होऊन परतणारा. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत आटोपावे, कारण पुढे अंगणातले ऊन इतके भगभगीत होते की आतली माणसे नुसती काळी दिसतात.

जलरंगात पातळाच्या उजळ भागासाठी कागद कोरा सोडावा. सावलीला काळा रंग लावू नये; अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) मिसळून येणारा करडा घ्यावा आणि तो ओला असतानाच कुठेकुठे जांभळट छटा सोडावी. मोरिसोच्या चित्रांतले पांढरे कपडेही असेच निळसर, करड्या, गुलाबी फटकाऱ्यांनी बनलेले असतात. वाकळीचे टाके मोजत बसू नये, एका ठिगळाला एक फटकारा पुरतो. मानेचा बाक आणि सुई ओढणारा हात नीट साधला की चेहरा शेवटी, अगदी मोजक्या रेषांत घ्यावा.

चेहरा नको असे ती म्हणाली तर पाठमोरी रंगवावी. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या मोरिसोच्या शृंगार करणाऱ्या स्त्रीची पाठच आपल्याकडे आहे आणि समोरच्या आरशातही तिचा चेहरा उमटलेला नाही. त्याच आरशाच्या तळाशी चित्रकर्तीने सही केली आहे, हा मला फार चतुर खोडकरपणा वाटतो.

आत्या उठली की कुंचला ठेवावा, कडा अपुऱ्या राहिल्या तरी चालेल. वाळलेले चित्र प्रथम तिलाच दाखवावे आणि ते भिंतीवर लावायचे की ट्रंकेत ठेवायचे, हे तिला विचारावे.