सगळ्यांच्या भाषा येतात? मग विद्यार्थी-गटात जपून

दरवर्षी निकाल लागले की पूर्व भागातली, जुळे सोलापुरातली मुलं-मुली माझ्याकडं येतात. कुणाला बंगळूर, कुणाला चेन्नई, कुणाला थेट शिलाँगच्या ख्रिस्ती विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो. फी, होस्टेल, हजेरी हे सगळं त्यांनी आधीच शोधून ठेवलेलं असतं. विचारतात ते वेगळंच. "अक्का, तिथं स्टुडंट कौन्सिल असतं, निरनिराळ्या राज्यांच्या आणि देशांच्या मुलांचा गट असतो. त्यात शिरावं का?"

शिरा. मी दक्षिणेतल्या अशाच एका ख्रिस्ती विद्यापीठात शिकले. नोकरीत आज जे कामी येतं, त्यातलं बरंचसं त्या गटातलं आहे. पण त्या गटानं माझं दुसरं वर्ष खाल्लं, आणि ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो. म्हणून हे सगळं सविस्तर सांगते.

आधी घरच्यांची शंका: ख्रिस्ती संस्थेत प्रार्थनेची सक्ती होईल का? मी ख्रिस्ती नाही. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. असेंब्लीत प्रार्थना सुरू झाली की शांत उभं राहायचं. तेवढा मान आपण कुठल्याही दारात देतोच.

'ख्रिस्ती' म्हणून सगळ्यांना एकाच रांगेत मात्र बसवू नका. २०११ च्या जनगणनेत नागालँड आणि मिझोराममध्ये ८७ टक्क्यांहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत, पण नागा मुलं बहुतेक बॅप्टिस्ट पंथाची, मिझो बहुतेक प्रेस्बिटेरियन पंथाची. केरळची मुलं सिरो-मलबार कॅथलिक, मार्थोमा, ऑर्थोडॉक्स अशी अनेक परंपरांतली. तमिळ, तेलुगू मुलांपैकी कितीतरी १९४७ साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाची. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मुलींचा नाताळ तर ७ जानेवारीला असतो. आपण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाताळचा केक वाटतो, तेव्हा त्यांचा मोठा उपवास चालू असतो. मांस, अंडं, दूध, लोणी काही चालत नाही. आमच्या होस्टेलात त्यांना केकऐवजी माझ्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आवडली, आणि पुढं प्रत्येक सुट्टीनंतर चटणीचे पुडे त्यांच्यासाठी वेगळे न्यावे लागले. कार्यक्रमाची तारीख ठरवण्याआधी कुणाचा कोणता उपवास आहे, हे विचारणं कौन्सिलच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठं काम आहे.

निवडणुकीचं थोडक्यात. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा तरतूद आली, तरी आपल्यापैकी बहुतेकांनी खरी विद्यार्थी-निवडणूक पाहिलेलीच नाही. विद्यार्थी-निवडणुकांवरच्या लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशी वाचून जा: ७५ टक्के हजेरी, त्या वर्षी विषय राहिलेला नको, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, आणि पदाधिकारीपदासाठी उभं राहण्याची संधी एकदाच. काही ठिकाणी प्रतिनिधी शिक्षकच नेमतात. तुमच्याकडं कसं आहे ते पहिल्याच महिन्यात विचारून घ्या.

आता खरा खड्डा. आपण सोलापूरची माणसं चार भाषांत वाढतो. माझ्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दखनी. तिथं गेल्यावर वाटतं, आपल्याइतकं या गटासाठी तयार दुसरं कोण असणार? आणि सगळ्यांनाही तसंच वाटतं. मग सुरू होतं, "अक्का, नुव्वे चेप्पु." तूच सांग त्यांना. गुंटूरच्या मुलांचं म्हणणं मिझो मुलींना तुम्ही सांगायचं, मिझो मुलींचं वॉर्डनना तुम्ही, कन्नड स्वयंपाक्याचं केरळच्या मुलांना तुम्ही. दिवसभर लोक तुम्हाला शोधत येतात. हेच नेतृत्व, असं मनापासून वाटायला लागतं.

ते नेतृत्व नाही. का नाही, ते हॉलच्या प्रकरणावरून सांगते. डिसेंबरमध्ये एकच हॉल. मिझो मुलींचा कॅरलचा, म्हणजे नाताळच्या गाण्यांचा सराव तिथं, आणि तेलुगू मुलांना नाचाच्या तालमीला तोच हवा. मुलं चिडून म्हणाली, "त्यांना रोज हॉल मिळतो, कारण त्या ख्रिस्ती आहेत." असं वाक्य कोण जसंच्या तसं पोचवेल? मधला माणूस ते मऊ करतो. "दोन दिवस हॉल सोडाल का?" एवढंच पलीकडं जातं. तिकडून उत्तर येतं, "आम्हाला आधी कुणी विचारलंच नाही." तेही मऊ होऊन येतं, "बघतो म्हणाल्या." दोन्हीकडं वाटतं, समोरच्यानं मान्य केलं. ठरलेल्या संध्याकाळी दोघंही आपापलं सामान घेऊन हॉलच्या दाराशी उभे, आणि दोघंही माझ्यावर भडकलेले.

भांडण मिटतं, त्याचं काही नाही. पण ते धर्माचं वाक्य कॅरलच्या मुलींच्या कानावर कधी गेलंच नव्हतं. मग त्याला उत्तर कोण देणार? उत्तर अगदी साधं होतं. हॉलची नोंद ऑफिसातल्या एका रजिस्टरात व्हायची, जो आधी नाव लिहील त्याला हॉल. सूचना इंग्रजीत फलकावर लावलेली. तेलुगू माध्यमातून आलेल्या मुलांनी ती वाचलीच नव्हती. कॅरलच्या दोघी-तिघी आणि ती मुलं समोरासमोर पाच मिनिटं बसली असती तर एक संशय तिथंच संपला असता. माझ्या मधे असण्यामुळं तो वर्षभर टिकला.

आणि अभ्यासाचं काय होतं ते ऐका. मध्यस्थाला सुट्टी नसते. परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा दार वाजतं. हजेरी घसरते, आणि हजेरी घसरली की कौन्सिलचं पदही जाऊ शकतं. तुम्ही आजारी पडलात की गटाची बैठकच होत नाही, कारण तुमच्याशिवाय कुणी कुणाशी बोलायला शिकलेलंच नसतं.

मग करायचं काय? भाषांतर करा, पण दोघांनाही समोर बसवून, आणि जे बोललं गेलं तेच सांगा, टोचणारं असलं तरी. स्वतःचं मत त्या वेळी बाजूला ठेवा. बैठकीच्या शेवटी निर्णय सोप्या इंग्रजीत लिहून मोठ्यानं वाचा आणि प्रत्येकाला आपल्या शब्दांत म्हणायला लावा. निम्मे गैरसमज तिथंच बाहेर पडतात. अध्यक्ष दर महिन्याला बदला. मोडकीतोडकी भाषा चालेल, पण ज्याचं त्याला बोलू द्या. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आणि तिथं स्वतः चिनी शिकून काम करत राहिले. भैया चौकातलं त्यांचं स्मारक एकदा निवांत बघून मग गाडीत बसा.

व्हॉट्सअॅपवर मतदान घेऊन निर्णय करणं मला अजिबात पटत नाही. ज्या भाषेची मुलं जास्त, तीच दरवेळी जिंकतात, आणि गटातली चार मणिपुरी मुलं गुपचूप यायची बंद होतात. दोन दिवसांच्या लीडरशिप शिबिराची प्रमाणपत्रं जमवू नका. पैसे वाया जातात. मार्गदर्शक निवडताना पहिल्याच आठवड्यात पद देऊ करणाऱ्यांपासून लांब राहा. मला उपयोगी पडल्या त्या होस्टेलच्या एक सिस्टर (नन). त्यांनी कधी सल्ला दिला नाही. फक्त विचारायच्या, "हे काम तुझं होतं का?" आणि जेवण झालंय का ते बघायच्या. अशी एक व्यक्ती शोधा. प्रत्येक कॅम्पसवर असते.

घाबरू मात्र नका. मराठी माध्यम, अडखळतं इंग्रजी याचं काही अडत नाही. त्या गटात निम्मे अडखळतातच. आणि "नाही" म्हणायला सुरुवात केलीत की काही जण रुसतील, हे धरून चाला. मी तिसऱ्या वर्षी मधे पडणं सोडलं, तेव्हा एक जवळची तेलुगू मैत्रीण दुरावली. आम्ही आजही पूर्वीसारखं बोलत नाही, आणि त्याचं दुःख आहे. पण त्या डिसेंबरमध्ये हॉलचं वेळापत्रक गुंटूरच्या एका मुलानं आणि ऐझॉलच्या एका मुलीनं मोडक्या इंग्रजीत समोरासमोर बसून ठरवलं, रजिस्टरात दोघांनी सह्या केल्या, आणि मला ते दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कळलं.