घरचा ईव्ही चार्जर सुरक्षित कसा करायचा

भिंतीवरचा चार्जर तासन् तास ३२ अँपिअरपर्यंत करंट देतो आणि सोबत वाय-फायवर बोलतही असतो. म्हणून सुरुवात पासवर्डापासून नको, करंटपासून करा. बऱ्याच चार्जरच्या झाकणाखाली कमाल करंट ठरवणारा रोटरी किंवा डिप स्विच असतो. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून तो वायरच्या जाडीला आणि एमसीबीला (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) साजेशा आकड्यावर लावून घ्या. अ‍ॅपमधली मर्यादा घुसखोर दुरून बदलू शकतो. स्विच बदलायला त्याला झाकणच उघडावं लागेल.

मग चार्जरच्या स्टिकरवर छापलेला, अ‍ॅप जोडताना लागणारा पिन बदला. ब्लूटूथच्या टप्प्यात उभा असलेला कोणीही तो वापरू शकतो.

चार्जर गेस्ट वाय-फायवर, म्हणजे घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. बहुतेक चार्जरना २.४ गिगाहर्ट्झचा बँड लागतो. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट चार्जरपर्यंत येणारी वाट, करू नका. कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी चार्जर स्वतःहून करतो, बाहेरून दार उघडं ठेवायची गरज नाही. अडचण येते ती लोड बॅलन्सिंगच्या मीटरची, म्हणजे घरातला एकूण वापर मोजून चार्जरचा करंट कमी-जास्त करायला लावणाऱ्या मीटरची. तो मॉडबस टीसीपीवर (नेटवर्कवरून मीटरचे आकडे वाचायच्या पद्धतीवर) असेल तर गेस्ट नेटवर्कच्या आयसोलेशनमुळे, म्हणजे उपकरणांना एकमेकांपासून तोडणाऱ्या सेटिंगमुळे, चार्जरला दिसेनासा होतो. अशा वेळी आयसोलेशन काढून टाकू नका. मॉडबस टीसीपीला मुळात पासवर्डही नाही आणि एन्क्रिप्शनही नाही. मीटर चार्जरला थेट आरएस-४८५ या डेटा वायरने जोडा, किंवा दोघांसाठी वेगळा व्हीलॅन (राउटरमध्ये आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) करा.

सोसायटीत किंवा ऑफिसात ओसीपीपी १.६ (चार्जर आणि सर्व्हरमधल्या संवादाची प्रमाणित पद्धत) वापरत असाल तर सर्व्हरचा पत्ता नीट वाचा. तो 'डब्ल्यूएस'ने (ws://) सुरू होत असेल तर सगळा संवाद उघडा आहे. 'डब्ल्यूएसएस' (wss://) हवा, म्हणजे ओसीपीपीच्या सुरक्षेच्या पातळ्यांपैकी सिक्युरिटी प्रोफाइल किमान २. बदलल्यावर जोडणी होत नसेल तर आधी चार्जरचं घड्याळ बघा. तारीख चुकली की सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट नाकारलं जातं, आणि तारीख चुकू शकते ती फायरवॉलने एनटीपीचा (इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेचा) यूडीपी पोर्ट १२३ अडवल्यामुळे. इथे वैतागून 'तात्पुरतं' म्हणून जुना पत्ता परत टाकला जातो आणि तोच कायम राहतो. तसं करू नका.

चार्जरला टेकवून चार्जिंग सुरू करायच्या आरएफआयडी कार्डावर फार भरवसा नको: फक्त कार्डाचा क्रमांक तपासणाऱ्या चार्जरला नक्कल केलेलं कार्डही चालतं. ऑफलाइन असताना अनोळखी कार्डाला चार्जिंग देणारं सेटिंग बंदच ठेवा.

चार्जर विकताना फॅक्टरी रीसेट करा, अ‍ॅपमधून तो काढून टाका आणि गेस्ट वाय-फायचा पासवर्डही बदला. काही मॉडेलमध्ये रीसेटनंतरही तो मेमरीत उरू शकतो.